फियाटला मेंदू बसवताना

माघ अर्धा सरला होता. जळगाव जामोदहून सोनाळ्याकडे येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा आंबिया बहराने पांढऱ्या झाल्या होत्या, आणि त्या गोडसर, डोके किंचित जड करणाऱ्या वासात एक काळी फियाट बॉनेट उघडून उभी होती. मडगार्डवर लॅपटॉप, लॅपटॉपसमोर एक तरुणी, आणि तिच्या कपाळावर काळ्या ग्रीसचा एक आडवा पट्टा.

मोटारसायकल थांबली, तरी तिने मान वर केली नाही.

"कार्बोरेटरमधी कचरा आला असन," मोटारसायकलवरचा म्हणाला. आवाजात असा आत्मविश्वास होता, की जणू त्याला बोलावणेच धाडले होते. "जेट काढा अन् एक फुंकर मारा. आत्ता चालू होते."

"कुठं मारू फुंकर?"

"कार्बोरेटरमधी."

"या, दाखवा मंग."

तो उतरला, बाह्या सरसावल्या, बॉनेटखाली वाकला… आणि वाकलेलाच राहिला. ज्या जागी फियाटचा कार्बोरेटर असायला हवा, त्या जागी भलतेच काही होते. एक नळकांडे, पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर, आणि तिथून निघून एका ॲल्युमिनियमच्या डब्यात शिरलेला रंगीत तारांचा जुडगा.

"चोरीले गेला का हो?" त्याने हळूच विचारले.

"मीच काढला." आता मात्र तिने मान वर केली. डोळ्यांत हसू होते, पण ओठांपर्यंत ते येऊ द्यायचे नाही असा तिचा निश्चय दिसत होता. "आता किती पेट्रोल द्यायचं अन् ठिणगी कवा पाडायची, हे तो डबा ठरवते. डबा मी बनवला. अजून काही फुंकायचं हाय का तुमाले?"

दुसरा कोणी असता तर खाली मान घालून निघून गेला असता. हा गेला नाही. डब्यापासून निघालेली प्रत्येक तार तो डोळ्यांनी हळूहळू मागे नेत राहिला आणि शेवटी इंजिनाच्या पुढच्या पुलीपाशी थांबला. तिथे एक सेन्सर आणि त्याच्यापुढे एक दातेरी चकती बसवलेली होती. एका ठिकाणी मुद्दाम एक दात गाळलेला.

"गार असताना बरोबर चालते, अन् गरम झाली का बंद पडते. हाव का नाही?"

तिच्या भुवया किंचित उंचावल्या. "हाव."

"चकती लचकून राह्यली. पुली गरम झाली का चकती सेन्सरपासून केसभर लांब जाते. मंग तुमचा डबा दात मोजते, अन् मोजता मोजता चुकते."

"चकती मी स्वतः तपासली. डबा चुकत नाही."

"डबा चुकून राह्यला असं मी म्हटलंच कुठं? चकती चुकून राह्यली."

"पाहू मंग!"

वाद तिथेच, रस्त्याच्या कडेला, पुली हाताने फिरवून निकाली काढण्यात आला. चकती खरोखरच लचकत होती, आणि तिने ते कबूल केले. कबूल करतानाही हनुवटी खाली येऊ दिली नाही, हे त्याच्या लक्षात आले. आणि काही कारण नसताना ते त्याला फार आवडले.

"मी भागवत. जळगावात आमचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप हाय. नवी चकती लेथवर काढून देतो, जाड अन् सरळ."

"अन् त्याच्या बदल्यात?"

"हा डबा कसा विचार करते, ते मले समजावून सांगायचं."

तिने हात फडक्याला पुसले. "पुष्पांजली," ती म्हणाली. "सोनाळ्याच्या पंजाबरावांची पोरगी."

भागवत चमकला. पंजाबरावांची धाकटी मुलगी काजल ही त्याच्या आतेभावाची, गोपालची, वाग्दत्त वधू होती. वैशाखात लग्न होते. म्हणजे ही, ग्रीस माखलेली, काजलची थोरली बहीण! पुण्याची नोकरी सोडून गावी आलेली आणि 'आधी काजलचं करा, मले काम हाय' असे वडिलांना तोंडावर सांगणारी.

*

पंजाबरावांच्या घरी एक रीत होती. लेक सासरी निघाली, की घरच्या फियाटमधून गावच्या शिवेपर्यंत जायची आणि शिवेवर वराकडच्या गाडीत बसायची. वाटेत गाडी बंद पडता कामा नये. बंद पडली तर लेकीचा पाय माहेरात अडकतो, असा घरच्या बायकांचा ठाम समज होता. पंजाबरावांच्या दोन्ही बहिणी अशाच गेल्या होत्या. पण आता फियाट म्हातारी झाली होती. पाऊण किलोमीटरच्या वाटेत दोनदा ढकलावी लागायची. पंजाबराव नवी गाडी भाड्याने सांगायला निघाले, तेव्हा पुष्पांजली आडवी आली होती.

"फियाट मीच नेते. नवा मेंदू बसवते तिले."

पंजाबराव शांतपणे बोलणारे गृहस्थ होते, म्हणूनच त्यांचे बोलणे घरात कोणी मोडत नसे. "बसव. शिवेपर्यंत इंजिन न बंद पडता गेलं, तर रस्त्यावरचं गोदाम तुह्यं. टाक तुह्यं वर्कशॉप, मी मधात येणार नाही. अन् बंद पडलं, तर पुण्याची नोकरी पुन्हा धरायची. कबूल?"

"कबूल."

जुन्या गाड्यांना, जुन्या ट्रॅक्टरांना नवी समज देणारे स्वतःचे वर्कशॉप, तेही इथे, सातपुड्याच्या पायथ्याशी… पुष्पांजलीला याहून दुसरे काही नको होते. निदान माघापर्यंत तरी तिचा तसा समज होता.

*

नवी चकती बसली, आणि मग खरे काम सुरू झाले.

डब्यात एक मोठे कोष्टक होते. इंजिन किती वेगाने फिरते आहे आणि त्याच्यावर किती ओझे आहे, हे पाहून डबा त्या कोष्टकातले एक घर निवडी आणि त्या घरात लिहिलेले असेल तेवढेच पेट्रोल देई. घरे पुष्कळ होती आणि प्रत्येक घर खऱ्या रस्त्यावर, खऱ्या चढावर जाऊन दुरुस्त करावे लागे. एकाने गाडी हाकायची, दुसऱ्याने शेजारी बसून लॅपटॉपवर आकडे बदलायचे. एकट्याला ते जमणारे नव्हते. वर्कशॉप बंद झाले की भागवत सोनाळ्याला येऊ लागला. मागच्या सीटवर लोकलाजेखातर काजल बसे. कानाला फोन आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला गोपाल, त्यामुळे ती असून नसल्यासारखीच होती.

"दोन हजारावर धरा."

"धरलं."

"हलून राह्यलं."

"रस्ता हलून राह्यला, मी नाही."

"चालवणाराचं लक्ष कुठं हाय, ते मले इथं आकड्यात दिसते हं."

"मंग… काय दिसून राह्यलं?"

 पुष्पांजलीची बोटे आकड्यांवर चालत राहिली. फक्त कानाची पाळी लाल झाली, आणि भागवतच्या पायाखाली इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारावरून बावीसशेवर गेला.

वादांना तर तोटाच नव्हता. ती सेन्सरचा आकडा मानी, तो धुराड्याचा वास मानी. एकदा धुराड्यातला सेन्सर सांगत होता की इंजिन पेट्रोलवाचून तडफडते आहे, आणि भागवत वास घेऊन सांगत होता की ते पेट्रोलमध्ये बुडते आहे.

"आकडा खोटं बोलत नाही!"

"आकड्याले कोणी खोटं सांगितलं असन तर?"

दोघांनी धुराड्याचा जोड उघडला. सेन्सरच्या जरा आधी एक बारीक फट होती. तिथून बाहेरची हवा आत शिरत होती आणि सेन्सरला फसवत होती. पुष्पांजली फटीकडे पाहत राहिली, मग मोकळेपणाने खळखळून हसली. तिचे असे हसणे भागवत पहिल्यांदाच ऐकत होता. तो पाना हातात धरून तसाच उभा राहिला.

"काय झालं?"

"काही नाही… एक घर दुरुस्त करायचं राह्यलं."

"कोणतं?"

"ते लॅपटॉपवर नाही दिसत."

मागून काजलचा आवाज आला, "गोपाल, फोन ठेवते मी. इथं तुमच्यापेक्षा बरं चालू हाय!"

फाल्गुन गेला, चैत्र आला. बागांचा बहर गळून फांद्यांवर वाटाण्याएवढी हिरवी फळे धरली. उरले होते ते केवळ सर्वांत जड ओझ्याचे रकाने, आणि त्यांच्यासाठी सातपुड्यातला अंबाबरव्याकडचा चढ गाठावा लागला. उतरत्या उन्हात फियाट न कुरकुरता वर गेली. माथ्यावर पुष्पांजलीने शेवटचा आकडा लिहिला आणि लॅपटॉप मिटला.

"झालं?"

"झालं. सगळं भरलं."

खाली सोनाळ्याची कौले, पत्रे, बागांचे चौकोन दिसत होते. जी गोष्ट साधण्यासाठी दोघे इतके दिवस झटले, ती साधली होती, आणि तरी गाडी खाली वळवायचे कोणीच मनावर घेत नव्हते.

"मंग उद्या…" भागवत म्हणाला.

"उद्या काय?"

"उद्या काहीच नाही."

"हाव," ती म्हणाली. "उद्या काहीच नाही."

वाद घालायला एवढी चांगली जागा होती. दोघांपैकी कोणीही वाद घातला नाही.

*

लग्न वैशाखातल्या एका दुपारी लागले. वऱ्हाड जळगावहून आले, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. निघण्याची वेळ झाली तेव्हा पुष्पांजली गाडीपाशी गेली आणि जागीच थबकली. काळ्या बॉनेटवर मोगऱ्याच्या माळा होत्या. काचेच्या आतल्या कडेने इवल्या दिव्यांची एक माळ लावलेली होती. लावणाऱ्याने एकेक दिवा इतक्या हळुवारपणे बसवला होता की तार कुठे दिसतच नव्हती. दिवे सावकाश उजळत होते, सावकाश मंदावत होते.

"हे कोणी केलं?"

भागवत पलीकडे, पांढऱ्या सदऱ्यात, आपल्या पाहुण्यांच्या घोळक्यात उभा होता. त्याने फक्त आभाळाकडे पाहिले.

रीतीप्रमाणे वराकडचा एक माणूस नवरीच्या गाडीत बसे. तो मान आपोआप भागवतकडे आला. पुष्पांजली स्टिअरिंगवर, शेजारी भागवत लॅपटॉप घेऊन, मागे पंजाबराव आणि रडून डोळे सुजवलेली काजल. बँड पुढे, वऱ्हाडी मागे. फियाट मांजरासारखी गुरगुरत निघाली. अर्धी वाट सरली. पूल आला. पुलावरून सरळ शिवेच्या शेंदरी दगडापर्यंत उतारच होता.

आणि तिथे दिव्यांच्या माळेने आपली चाल बदलली. अशा माळा आपोआप बदलतात. इतका वेळ सावकाश चाललेले दिवे एकाएकी भराभर लुकलुकू लागले. त्याच क्षणी फियाटने एक आचका दिला, दुसरा दिला, आणि तिचा आवाज बंद झाला.

बँडवाल्यांनाही ती शांतता ऐकू गेली. सनई मध्येच तुटली.

पुष्पांजलीने ब्रेकला पाय लावला नाही. क्लच दाबून गाडी उतारावर वाहू दिली. "आकडे सांगा!"

"फेरे… शून्य. बाराशे. शून्य. परत बाराशे. नाचून राह्यले सगळे!"

"नाचून राह्यले तर ताल कोण देऊन राह्यलं त्याहिले?"

भागवतने मान वर केली. समोर काचेवर दिवे लुकलुकत होते, आणि मांडीवरचे आकडे नेमके त्याच तालात उड्या मारत होते. 

"पुष्पा… ही माळ. मी त्या डब्याजवळच्या पिवळ्या तारेवरून—"

"चकतीच्या सेन्सरची तार हाय ते! ओढा!"

त्याने माळ मुळासकट उपटली. पुष्पांजलीने दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. गाडीने एक धक्का खाल्ला आणि इंजिन असे उचलले, जणू मध्ये काही घडलेच नव्हते. चाके क्षणभरही थांबली नव्हती. पण इंजिन बंद पडले होते, आणि ते सर्वांनी ऐकले होते.

शिवेवर वराकडच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. पुढे निवृत्तीमामा, नवरदेवाचे मामा आणि भागवतचे वडील. मिशीला पीळ देत ते म्हणाले, "काय हो पंजाबराव, घरी बनवलेल्या डब्यानं दगा देला वाटते! आमाले सांगतलं असतं तर आमी गाडी धाडली असती."

वऱ्हाडात हशा पिकला. पंजाबराव सावकाश उतरले आणि खिडकीशी येऊन थोरल्या मुलीकडे पाहू लागले. रागावून नाही, रागावले असते तर तिला बरे वाटले असते.

"बंद पडलं होतं, बाई."

उत्तर पुष्पांजलीच्या जिभेवर होते. एक वाक्य पुरेसे होते. पण ते वाक्य म्हणजे बोळवणीच्या घटकेला, भर शिवेवर, वराकडच्या माणसावर बोट ठेवणे. आज तिचा शब्द खरा ठरला असता आणि उद्यापासून त्याचे टोमणे काजलने सासरी ऐकले असते. जी पोरगी उभ्या आयुष्यात कुठल्या वादातून मागे हटली नव्हती, तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"हाव," ती म्हणाली. "पडलं होतं."

भागवतने तिच्याकडे पाहिले. तिचे गप्प बसणे त्याला नीट समजले. इतके नीट, की त्याला पुढे बसवेना. तो दार उघडून खाली उतरला. हातात तुटलेली माळ होती.

"डबा बंद नाही पडला, काका. मी पाडला." तो पंजाबरावांना म्हणाला, पण असा, की शेवटच्या गाडीतल्या माणसालाही ऐकू जावे. "ही माळ मी लावली. न इचारता सेन्सरच्या तारेवर जोडली. त्यायच्या कामात काहीच खोट नाही. माळ उपटली तसं इंजिन चालत्या गाडीत उठलं."

निवृत्तीमामांची मिशी थांबली. "अबे गप! आपण वराकडचे हावो!"

"वराकडचे असलो म्हणून काय तार बदलते का, बाबा?"

 वराकडच्या माणसाने वधूपित्यापुढे चूक कबूल करावी, हे शिवेच्या दगडाने कधी पाहिले नसेल. पंजाबरावांनी माळ हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली.

"लय नाजूक हातानं लावली होती. एकेक दिवा मोजून. नवरीसाठी एवढी मेहनत घेतली तू?"

आता बोलायची पाळी भागवतची होती, आणि इतका वेळ धडाधड बोलणारा भागवत अडखळला. "नवरीसाठी… नाही."

"मंग?"

"गाडी चालवणारीसाठी."

गाडीत मागे बसलेली काजल रडता रडता फसकन हसली. "मी तर म्हटलंच होतं गोपालले!" आणि वराकडच्या बायकांत एक गोड कुजबुज अशी पसरली, की निवृत्तीमामांचा हात मिशीवरून खाली आला. त्यांनी पंजाबरावांकडे पाहिले. पंजाबराव मुलीकडे पाहत होते.

"शब्दाप्रमाणे पाह्यलं तर इंजिन बंद पडलं," ते म्हणाले. "पण मी तुह्या कामावर पैज लावली होती, पाहुण्याच्या माळेवर नाही. गोदाम आजपासून तुह्यं." मग घसा खाकरून, "बाकीचं मले इचारू नको. तुह्यं तू ठरव."

काजल उतरली. बहिणीच्या गळ्यात पडली, वडिलांच्या पायाशी वाकली आणि गोपालच्या गाडीत जाऊन बसली. दारे लागली, हॉर्न वाजले, वऱ्हाड जळगावच्या दिशेने हलू लागले.

भागवत फियाटच्या खिडकीशी उभा होता. जाणेही नाही, थांबणेही नाही, अशा बेताने.

"नवरीच्या गाडीले चालवणारीसाठी माळ," पुष्पांजली म्हणाली. "अन् एवढ्या दिवसांत तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"तुम्ही पुण्याले गेल्या असत्या तर…"

"तर काय? पुण्याले रस्ता जात नाही का?"

"जाते."

"मंग?"

"मंग… चुकलं माहं."

"आज दोनदा कबूल केलं तुम्ही. सवय बरी हाय." तिच्या ओठांपर्यंत आलेले हसू आता तिने अडवले नाही. "ऐका, भागवत. मी सोनाळा सोडत नाही. वर्कशॉप इथंच टाकते. अन् मले तुम्ही पाह्यजे. वाद घालायले, काटा हलवायले, सगळ्याले. जमत असन तर सांगा. नसन जमत, तर तुमच्या गाड्या तिकडं निघून राह्यल्या."

भागवतने गाड्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. तो वळसा घालून आला, दार उघडले आणि तिच्या शेजारी बसला.

"अबे, तू इकडं कुठं?" शेवटच्या गाडीतून निवृत्तीमामांनी मान बाहेर काढली. "आपलं गाव इकडं!"

"लेथ कुठं बसते ते पाहून येतो, बाबा!"

"कायची लेथ? कोणाच्या गोदामात?"

"आमच्या!"

निवृत्तीमामा काही बोलणार तोच त्यांची गाडी वळणाआड गेली. पंजाबराव मागच्या सीटवर चढले, दार ओढले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मात्र त्यांच्या पाठमोऱ्या खांद्यांना हसू लपवणे जमत नव्हते.

"लेथ उत्तरेच्या भिंतीले," पुष्पांजली म्हणाली.

"दक्षिणेच्या. उजेड तिकडून येते."

"उजेडाचं मले नका सांगू, आज तुमच्या उजेडानंच घोटाळा केला!"

तिने इंजिन सुरू केले. ते पहिल्याच फेऱ्यात उठले. आणि एरवी नवरीला सोडून रिकामी परतणारी काळी फियाट त्या दिवशी भांडत, हसत, भरल्या पोटी गावाकडे वळली.